सोळावा बर्थ

आडी महिना लागला की चेन्नईतले लग्नाचे हॉल ओस पडतात आणि कापडाची दुकानं ओसंडून वाहतात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा हा तमिळ महिना देवीचा आणि मुरुगनचा. माणसांनी त्यात लग्न करायचं नाही, नव्या घरात पाऊल टाकायचं नाही, आणि नवी सून असेल तर तिला महिनाभर माहेरी धाडायचं. मग गिऱ्हाईक यावं कुठून? म्हणून दुकानदार याच महिन्यात सूट देतात, आणि आता ‘आडी तळ्ळुबडी’ची पाटी दिसली नाही तर आडी लागला असं कुणाला वाटतच नाही. वेलचेरीच्या हंड्रेड फीट रोडवर मी ती पाटी साड्यांवर पाहिली, मिक्सरवर पाहिली आणि एका दातांच्या दवाखान्यावरही पाहिली.

२०२३ साली आपल्याकडे नेमका अधिक श्रावण आला होता. दोन पंचांगांनी एकाच वेळी शुभकार्यांना सुट्टी दिली. कुणाचं लग्न नाही, मुंज नाही, आहेर नाही. वेलचेरीत राहणाऱ्या माझ्या ताईच्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि सगळी बिल्डिंग त्यांना ‘सार’ म्हणते. त्यांनी हा योग बरोबर हेरला. चेन्नई बंदरातून श्रीलंकेला जाणारं ‘एम्प्रेस’ हे प्रवासी जहाज त्याच वर्षीच्या जूनपासून सुरू झालं होतं. सोळा माणसं जमली तर एक भाडं माफ, असं एजंटने सांगितल्याबरोबर सारांनी नोटीस बोर्डावर कागद लावला. पंधरा नावं आली आणि यादी तिथेच अडली. मला डोंबिवलीला ताईचा फोन आला, “तू सोळावी. आता नाही म्हणू नकोस, अख्ख्या बिल्डिंगचा तोटा होईल.”

एवढ्या प्रेमळ आमंत्रणानंतर कोण नाही म्हणणार?

वेलचेरीत पाय ठेवला की मला आपलंच उपनगर एखाद्या तमिळ नातेवाइकाच्या घरी वाढल्यासारखं वाटतं. आधी तळं आणि भातखाचरं, मग रेल्वे, मग मॉल, मग ज्याला त्याला इथेच घर हवं. पलीकडे तरमणीला टायडेल पार्क आणि आयटीच्या काचेच्या इमारती, अलीकडे आयआयटीची भिंत आणि तिच्याआड हरणं. तळं अजून आहे, पण चहूबाजूंनी आक्रसलेलं. दक्षिणेला पळ्ळिकरणैची दलदल सुरू होते. २०२२ मध्ये तिला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. पाण्याची ही जुनी वाट अडवून घरं बांधली, आणि पाणी मात्र आपली वाट विसरलेलं नाही. २०१५ च्या डिसेंबरात याच गल्ल्यांमधून कोळ्यांच्या होड्या फिरल्या होत्या. ताईच्या घराशेजारच्या कंपाउंड वॉलवर त्या पाण्याची रेघ कुणीतरी रंगाने आखून ठेवली आहे. माझ्या खांद्याच्या वर येते.

गल्लीतली रीत मात्र आमच्याहून वेगळी. सकाळी सहाच्या आत प्रत्येक दाराशी सडा आणि कोलम पडलेला असतो, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या उंबऱ्याशीसुद्धा. फुलवाली मोगरा कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, हाताने मोजून देते. हात तिचा, त्यामुळे ठेंगण्या फुलवालीकडे गिऱ्हाईक कमी असावं असा माझा तर्क आहे. आणि भेटेल तो विचारतो, जेवलीस का? सकाळी दहाला विचारतात, दुपारी चारला विचारतात. इस्त्रीवाला विचारतो, लिफ्टमध्ये पहिल्यांदाच दिसलेल्या बाई विचारतात. आमच्या सोसायटीत शिरणाऱ्याला पहिला प्रश्न असतो, “कोणाकडे?”

प्रवासाची सभा गच्चीवर भरली. चेन्नईत गच्चीला मोट्टमाडी म्हणतात आणि तिथे वाळवणापासून वादापर्यंत सगळं काही होतं. सारांनी हिशेबाची वही आणली होती. वहीतली पहिली गोष्ट ऐकून मी थक्क झाले: पैसे केव्हाच जमले होते. बिल्डिंगमधल्या बायकांनी वर्षभर चिट चालवली होती. आपल्याकडे भिशीत चिठ्ठी काढतात, जिचं नाव निघेल ती पैसे उचलते. इथे दर महिन्याला जमलेल्या रकमेचा लिलाव होतो. जिला निकड असेल ती म्हणते, मला इतके कमी द्या, पण आज द्या. जी सगळ्यात जास्त सोडायला तयार, तिला रक्कम मिळते आणि तिने सोडलेले पैसे बाकीच्यांत वाटले जातात. एकीच्या मुलाची कॉलेजची फी त्यातून भरली गेली, एकीचं छत दुरुस्त झालं, आणि ज्यांना घाई नव्हती त्यांच्या वाट्याला थोडी थोडी रक्कम साचत गेली. भिशीत नशीब बोलतं, चिटमध्ये गरज बोलते. मला चिट जास्त प्रामाणिक वाटली. नातेवाइकांपुढे आपली गरज बोलून दाखवायची आपल्याकडे सोय नाही, हा मुद्दा वेगळा.

मग विषय निघाला फुकटच्या बर्थचा.

जहाजांच्या धंद्यात ही पद्धत जुनी आणि जगभर आहे: आठ केबिन, सोळा माणसं, त्यांत एकाचं भाडं माफ. भाडंच फक्त, बंदराचे आकार आणि कर त्यालाही चुकत नाहीत. हा बर्थ खरं तर ग्रुप जमवणाऱ्याला असतो. १८४१ साली थॉमस कुकने लेस्टरहून लॉफबरोला पाचशेच्या आसपास माणसं माणशी एक शिलिंग घेऊन आगगाडीने नेली, तेव्हापासून माणसं जमवणं हेही एक काम मानलं गेलं आहे. म्हणून सगळ्यांनी सारांकडे पाहिलं. सारांनी हात जोडले. “फुकट घेतलं की मी तुमचा नोकर. पाच दिवस तुमचे पासपोर्ट सांभाळायचे, तुमचे चष्मे शोधायचे, वर बोलणी खायची. मी पूर्ण पैसे भरतो आणि ज्याचं त्याने बघायचं.”

“सोळांत भागा,” मी म्हटलं. डोंबिवलीत याला न्याय म्हणतात.

पहिल्या मजल्यावरचे तंजावरी काका हसले. त्यांचे पूर्वज व्यंकोजी राजांबरोबर सतराव्या शतकात तंजावरला आले आणि तिथेच राहिले. घरात अजून मराठी आहे. वळण तमिळ आणि शब्द आपल्या आजीच्याही आजीचे. काका म्हणाले, दुसरे सरफोजी महाराज १८२० साली काशीयात्रेला निघाले तेव्हा बरोबर तीन हजार माणसं होती असं सांगतात. त्यातलं कुणी ‘माझे सूट देऊन परत करा’ म्हणालं नाही. सार म्हणाले, “महाराजांनी भरले होते पैसे. तुम्ही भरता का?” काकांनी लगेच इतिहास आटोपता घेतला.

शेवटी सोळांतच भागलं. कर आणि आकार वजा जाता माणशी जे वाचलं त्यात कांजीवरमचा पदरही आला नसता, आडीतसुद्धा.

खरी कमाई सारांच्या वहीच्या दुसऱ्या पानावर होती, आणि तिच्यावर कुणी वाद घातला नाही. सोळा जणांचा भाव शेवटचा हप्ता भरेपर्यंत चढणार नव्हता. एका तारखेपर्यंत नाव बदलता येत होतं, त्यामुळे कुणाच्या सुनेला सुट्टी नाकारली गेली तर भावाला घालता येणार होतं. केबिन एकाच डेकवर, जवळजवळ. जेवणाला एक लांब टेबल, रोज तेच. बंदरात उतरल्यावर माणशी सहल विकत घेण्याऐवजी सगळ्यांना मिळून एक मिनीबस. आणि एकट्या माणसाची सोय. जहाजाचं भाडं केबिनमध्ये दोघं धरून सांगतात. एकटा माणूस गेला तर जवळपास दोघांचं भरतो. मी एकटी होते आणि तळमजल्यावरच्या मामी एकट्या होत्या. मामी पंचाहत्तरीच्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा परदेशी. सारांनी वहीत आमच्या दोघींभोवती एक कंस काढला. फुकटच्या बर्थपेक्षा त्या कंसात माझे कितीतरी जास्त पैसे वाचले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मामी मला दंडीश्वरर देवळात घेऊन गेल्या. चोळांच्या काळातलं हे शंकराचं देऊळ आता वेलचेरीच्या हॉर्नच्या गोंगाटात उभं आहे. यमाचा हरवलेला दंड त्याला इथे परत मिळाला अशी कथा. प्रवासाआधी इथे यायचं म्हणजे यमाच्या कानावर घालून ठेवायचं, असा मामींचा हिशेब. प्रदक्षिणा घालता घालता त्यांनी सांगितलं की त्यांच्या आजोबांनी समुद्र ओलांडला नाही, वडिलांनीही नाही. रामानुजन गेला, पण त्याची आई आधी तयार नव्हती. १९१४ च्या मार्चमध्ये तो मद्रास बंदरातूनच ‘नेवासा’ बोटीत चढला, आणि त्याआधी त्याने शेंडी कापली. मी त्यांना आमच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशींचं सांगितलं: १८८३, कलकत्त्याहून, नवऱ्याविना, वय अठरा, आणि वेष न बदलता. मामी थांबल्या. “अठरा?” त्यांनी नंदीपाशी आणखी एक कापूर लावला. कुणासाठी ते बोलल्या नाहीत.

बंदरापर्यंत टॅक्सी करायची नाही, हा सारांचा हट्ट. वेलचेरीहून थेट बीच स्टेशनपर्यंत आगगाडी जाते तर पैसे का घालवायचे? सोळा माणसं, बावीस बॅगा आणि मामींचा स्टीलचा डबा असे आम्ही वेलचेरी स्टेशनात शिरलो. ही उंचावरची रेल्वे इथवर २००७ साली आली. स्टेशनं एवढी प्रचंड आणि एवढी रिकामी की डोंबिवलीच्या माणसाला आधी संशय येतो: आज बंद आहे का? गाडीत बसायला जागा मिळाली. सगळ्यांना. मी हे घरी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

रूळ बराच वेळ बकिंगहॅम कालव्याच्या कडेने जातात, काही ठिकाणी तर खांबच कालव्यात उभे आहेत. अड्यार आणि कूवम या दोन नद्या जोडणारा हा तुकडा १८७७-७८ च्या दुष्काळात पोटासाठी आलेल्या माणसांनी खणला. त्याच दुष्काळाने आपल्याकडे सोलापूर-विजापूर पट्टा उजाड केला होता. आज खाली काळं पाणी आणि प्लास्टिक. वर मंदैवेळी, मैलापूर, लाइट हाउस अशी स्टेशनं मागे पडत गेली. मध्येच उजवीकडे समुद्राची एक पट्टी चमकली आणि डब्यातले सगळे आमचे लोक एकदम त्या बाजूला झुकले, जणू पुढचे पाच दिवस तो दिसणारच नव्हता.

जहाज सुटताना आम्ही वरच्या डेकवर होतो. टगने ओढलं, पायलटची छोटी बोट बाजूने धावत राहिली. मरीना किनारा इतका रुंद का, हे तिथून कळतं. १८८१ च्या सुमारास बंदराच्या भिंती समुद्रात गेल्या, दक्षिणेकडून वाहत येणारी वाळू त्यांच्यापाशी अडली आणि मरीना पसरत गेला. तीच वाळू न मिळाल्याने उत्तरेकडे रॉयपुरमचा किनारा समुद्र खात गेला. एकाला मिळालेली चौपाटी ही दुसऱ्याची गेलेली जमीन आहे. शिट्टी झाली आणि सगळ्यांना लाइफ जॅकेटची कवायत करायला बोलावलं. बाकीचे प्रवासी फोटो काढत होते. वेलचेरीचे सोळाच्या सोळा जण (मी पाहुणी, पण धाकाने) शिकवणाऱ्या पोराकडे टक लावून पाहत होते. तंजावरी काकूंनी तर पट्टा दोनदा बांधून घेतला. २०१५ पाहिलेल्या माणसांना पाणी शिकवावं लागत नाही.

आडीच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो, अशी तमिळ म्हण आहे. पाटा म्हणजे वाटणाचा, दगडी. पहिल्या रात्री तिचा अर्थ कळला. निम्म्या लोकांना बोट लागली. सकाळी आमच्या लांब टेबलावर सहाच जण होते आणि आलेलिंबाचे तुकडे हातोहात फिरत होते. आमचा वाढपी वेंगुर्ल्याचा निघाला. घरात तीन पिढ्या जहाजावर, गोव्यात ज्यांना तारवटी म्हणतात तसे. काकांना मराठी माणूस भेटल्याचा इतका आनंद झाला की ते उभेच राहिले. ते आपल्या तंजावरी मराठीत बोलत होते, तो मालवणीत. दोघांनाही एकमेकांचं अर्धंच कळत होतं, आणि त्या अर्ध्यावर दोघे चारही दिवस खूश होते. काकांनी त्याला डांगराची पच्चडी कशी करतात ते सांगितलं. तो म्हणाला, ह्यां आमच्याकडेय असता, ताकातला. वेलचेरी, वेंगुर्ला आणि डोंबिवली यांचं एकमत झालेला हा प्रवासातला एकमेव विषय.

मामींसाठी रात्री साधा भात आणि दही आधीच सांगून ठेवलेलं असे. सोळा जणांचं टेबल असलं की अशी एखादी मागणी सहज मान्य होते. एकट्या म्हातारीने मागितलं असतं तर तिलाच ओशाळं वाटलं असतं. कॉफीचा प्रश्न त्यांनी स्वतः सोडवला होता. पहाटे साडेचारला अंघोळ, मग अंधारात पुटपुटत विष्णुसहस्रनाम, मग डब्यातून फिल्टर, पावडर, दबरा आणि टंबलर. कुठल्याच हॉटेलची कॉफी त्यांना चालत नाही, त्यामुळे जहाजाचा अपमान होण्याचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून न बोलता दोन टंबलर भरू लागल्या. मी सात वाजता उठणारी बाई, साडेचारच्या कॉफीला उठू लागले. एकटीची केबिन घेतली असती तर झोप झाली असती.

समुद्रातला दिवस मला सगळ्यात आवडला, कारण त्या दिवशी ग्रुप दिसला नाही. ‘एम्प्रेस’ १९९० साली बांधलेलं, तीन-चार रात्रींच्या सहलींसाठीच आखलेलं जहाज. आताच्या राक्षसी जहाजांपुढे लहान, पण सोळा माणसं हरवायला भरपूर. आपल्याकडच्या बसच्या सहलीत ग्रुपपासून सुटका नसते. अंताक्षरी, वाढदिवसाचा केक, माइकवरून विनोद, आणि कुणी खिडकीबाहेर बघत बसलं की “काय झालं, बरं नाही का?” इथे सार पत्ते खेळायला गेले, ताई-भावोजी बऱ्याच वर्षांनी एकमेकांशी बोलत बसलेले दिसले म्हणून मी वाट बदलली, काका कॅसिनोच्या दाराशी तत्त्वचिंतन करत उभे होते. रात्री आठला सगळे आपोआप त्याच टेबलावर, आणि मग दिवसभर कोण कुठे होतं त्याच्या गोष्टी. ग्रुपचा खरा लाभ काय, असं मला कुणी विचारलं तर मी दिवसभर एकमेकांना सोडता येणं हाच सांगेन. एजंटच्या कागदावर तो नसतो.

माझी आजी मुंबईहून विजयदुर्गला बोटीने जायची. ‘रोहिणी’, ‘कोकणसेवक’ ही नावं तिच्या तोंडी माहेरच्या माणसांसारखी. डेकवर वळकट्या पसरायच्या, शेजारी कोण ते देवाला माहीत. पहाटेपर्यंत शेजारणीच्या मुलीचं स्थळ ठरलेलं असायचं. कोकणातल्या बहुतेक बंदरांत बोट लांब उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्यावर यावं लागायचं. साडी भिजायची, ट्रंक भिजायची. तिला कुणी सूट दिली नाही आणि ग्रुपही रात्रीत फुकट तयार झाला.

हंबनतोटाला उतरलो तेव्हा सारांची मिनीबस उभी होती. चिन्यांना नव्व्याण्णव वर्षांच्या कराराने दिलेलं हे बंदर. क्रेन भरपूर, माणसं विरळ. बाहेर पडल्यावर मिठागरं, मग झाडी, रस्त्याला अधूनमधून मोर. मामींना एकच ठिकाण पाहायचं होतं: कतरगाम. तमिळांचा मुरुगन तिथे आहे. सिंहली बौद्धांचाही आहे, आणि आवारात मुसलमानांची मशीदही आहे.

मला एक अडचण होती आणि ती मी बसमध्ये सांगितली. आपल्याकडे मुरुगन म्हणजे कार्तिकस्वामी, आणि तो ब्रह्मचारी. बायकांनी त्याचं तोंड पाहायचं नाही. पुण्याच्या पर्वतीवर त्याच्या देवळाबाहेरून आई मला लहानपणी हाताला धरून पुढे ओढत असे. बस क्षणभर गप्प झाली आणि मग हास्याचा फवारा उडाला. ब्रह्मचारी? मुरुगन? दोन बायका आहेत त्याला! वळ्ळी आणि देवयानी. त्यातली वळ्ळी तर पळवून आणलेली, इथेच, याच रानातली. मामी म्हणाल्या, “तुमच्या लोकांनी त्याचं लग्नच होऊ दिलं नाही.” तो ठपका मला अजून थोडा लागलेला आहे.

मेणिक नदीत पाय धुऊन आम्ही पांढऱ्या कपड्यांतल्या रांगेत उभे राहिलो. प्रत्येक कुटुंबाच्या हातात फळांचं ताट: अननस, कलिंगड, द्राक्षं, फुलं. आधी अंगणात पेटत्या कापरासकट नारळ दगडावर फोडायचा. मी छाती धडधडत आत गेले आणि समोर पडदा होता. दोन बायकांमध्ये मोरावर बसलेला मुरुगन रंगवलेला पडदा. त्याच्यामागे काय आहे ते पुजाऱ्याशिवाय कुणी पाहत नाही, बाई नाही, पुरुषही नाही. मामींनी डोळे मिटले. मी मात्र उघडेच ठेवले, आईची क्षमा मागून. पडदा पाहण्याला मनाई असल्याचं मी कुठे ऐकलेलं नाही.

परतताना तिस्स गावाच्या रस्त्यावर मातीच्या पसरट मडक्यांतलं म्हशीचं दही टांगलेलं होतं, वर किथूल माडाची काकवी घालून देतात. सारांनी सोळा मडकी घेतो म्हणून भाव केला आणि दहीवाल्या बाईने दोन रुपयेही कमी केले नाहीत. दही इतकं घट्ट होतं की चमचा उभा राहिला. मामींनी काकवी नको म्हटलं, पिशवीतून मीठ काढलं.

त्रिंकोमालीला समुद्र एकदम शांत. पावसाळा बेटाच्या पलीकडच्या बाजूला राहिला होता. फोर्ट फ्रेडरिकमधून कोणेश्वराच्या देवळाकडे चढ जातो, आणि किल्ल्याच्या आत ठिपक्यांची हरणं माणसांमध्ये मोकळी फिरतात, भटक्या कुत्र्यांइतक्या सहजपणे. मूळ देऊळ पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात पाडलं आणि त्याचे दगड किल्ल्याला लावले. वाटेत एका जुन्या बंगल्यावर वेल्सलीचं नाव दिसलं. हो, तोच. १८०० च्या सुमारास तो इथे फौज जमवत होता, आणि १८०३ च्या सप्टेंबरात असईला शिंदे-भोसल्यांच्या समोर उभा राहिला. ग्रुपमधल्या कुणालाच त्याचं काही नव्हतं. काकांनी आणि मी मात्र त्या बंगल्याकडे जरा रागाने पाहिलं. दोघांच्याही घरातलं कुणी असईला नव्हतं, तरी.

जाफन्यात वेळ थोडा मिळाला. तिथली तमिळ ऐकून मामींसकट सगळे हरखले. इतकी नीटस, इतकी अदबीची भाषा चेन्नईत आता कुणी बोलत नाही म्हणाले. १९८१ साली जळालेलं आणि पुन्हा उभं केलेलं वाचनालय बसमधूनच पाहिलं, पांढरंशुभ्र. नल्लूरच्या मुरुगनापुढे पुरुषांनी शर्ट काढायचे असतात, म्हणून सार आणि काका प्रथमच बिनखिशाचे दिसले. अर्चनेचं तिकीट एक रुपया. सारांनी पाटी दोनदा वाचली. इथे सूट मागायला जागाच नव्हती.

डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळ आलं आणि वेलचेरी पुन्हा पाण्याखाली गेली. मी डोंबिवलीत फोन हातात धरून बसले होते. सारांनी सहलीसाठी केलेला ‘श्रीलंका १६’ हा व्हॉट्सॲप ग्रुप कुणी बंद केला नव्हता. बुकिंगसाठी जमवलेली यादी त्यात होतीच: कुणाचा रक्तगट काय, कुणाला कोणती गोळी, मुलगा-मुलगी कुठल्या शहरात, नंबर काय. वाऱ्याआधीच गाड्या फ्लायओव्हरवर नेऊन लावल्या गेल्या. कुणाची किल्ली कुणाकडे, तेही ग्रुपवर. तळमजल्यावरच्या मामी तिसऱ्या मजल्यावर ताईकडे आल्या, डब्यासकट. वीज गेल्यावर काही तास संदेश थांबले. मग ताईचा एकच ओळीचा आला: दूध नाही, कॉफी काळी, मामी रागावल्यात, बाकी सगळे ठीक. काकांनी गॅसवर आणि उरलेल्या उडदाच्या पिठावर पच्चडी करून सहा घरांना वाटली. चिटचा त्या महिन्याचा लिलाव झाला नाही. ती सगळी रक्कम तळमजल्यावरच्या दोन घरांना कुणीही काही न सोडता देऊन टाकली, असं मला नंतर कळलं.

जानेवारीत त्याच ग्रुपवर सारांचा नवा संदेश आला. बत्तीस माणसं जमली तर दोन बर्थ माफ. मार्ग ठरायचा आहे, महिना आडीच. डोंबिवलीने आठ माणसं आणावीत अशी त्यांची अपेक्षा आहे. मी आमच्या सोसायटीच्या बोर्डावर कागद लावला. आतापर्यंत पाच नावं आली आहेत, आणि त्यातल्या तिघांनी मला जिन्यात गाठून विचारलं आहे की ते फुकटचे दोन बर्थ नक्की कोणाला मिळणार.